रक्त वाहणं, रक्त गोठणं : शस्त्रक्रियेतल्या दोन भयांचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, हा तर डॉक्टरांचा विषय, इतिहासाच्या माणसाचं इथे काय काम? पण ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात आपल्याला काय काय विचारतात, ते जरा आठवा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? दात काढला तेव्हा रक्त थांबायला वेळ लागला होता का? एखाद्या पायावर कधी अचानक सूज आली होती का? घरात कुणाला असा त्रास आहे का? भूलतज्ज्ञ हे प्रश्न पटापट विचारतात, आपण सोबतच्या माणसाच्या तोंडाकडे बघत 'नाही, नाही' म्हणतो, आणि कागदावर सही होते. त्या चार साध्या प्रश्नांच्या मागे दीड-दोनशे वर्षांचा शोध आहे, आणि त्यात पुष्कळ माणसं गेलेली आहेत.

आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. ऑपरेशनमध्ये रक्त फार जाणं आणि नको त्या जागी रक्त गोठणं, ही दोन निरनिराळी संकटं आहेत असं फार काळ समजलं जात होतं. ती एकाच यंत्रणेची दोन टोकं आहेत, एक ओढलं की दुसरं हलतं, हे फार उशिरा कळलं. आणि ते ऑपरेशनच्या टेबलावर जेवढं कळलं, त्याहून जास्त सापाच्या विषातून, बुरशी लागलेल्या चाऱ्यातून आणि कुत्र्याच्या यकृतातून कळलं. यातला एक धागा मुंबईत परळला सापडतो. त्याचं दुसरं टोक आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेताच्या धुऱ्यावर आहे.

फक्त वाहणाऱ्या रक्ताचं भय

जुन्या शल्यकर्माचं सगळं लक्ष रक्त थांबवण्याकडे होतं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात त्याचे चार उपाय दिले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी जखम जुळवायची, थंडाव्याने रक्त घट्ट करायचं, राखेने जखम सुकवायची, आणि यातलं काहीच लागू पडलं नाही तर शीर डागून आवळायची. क्रम बघा. सौम्य उपाय आधी, डाग सगळ्यात शेवटी. आपल्याकडे आजही विळा लागला की बाई हळद दाबते, शेतात कुणी दगडी पाला चोळून लावतो. विचार तोच आहे : रक्त बाहेर चाललंय, त्याला बांध घाला.

युरोपातही वेगळं नव्हतं. तोडलेल्या पायावर तापलेलं लोखंड धरायची रीत होती. १५५२ साली दांव्हिलेच्या वेढ्यात आंब्रुआझ पारे या फ्रेंच शल्यविशारदाने पाय कापल्यावर डाग देण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. आज सर्जन चिमट्याने शीर धरून गाठ मारतात, ती याच वाटेने आलेली.

तरीही शस्त्रक्रिया म्हणजे घाईचं काम होतं. भूल नव्हती. रोगी शुद्धीवर, चार माणसांनी धरलेला. लंडनचे रॉबर्ट लिस्टन पाय कापण्याच्या वेगासाठी प्रसिद्ध होते, कारण वेग म्हणजे कमी वेदना आणि कमी रक्त. १८४६ साली बोस्टनला ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशकं वापरून जखम पिकू न देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच दशकात आपल्या वऱ्हाडात रेल्वे आली. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावं लोहमार्गावर आली, खामगावचा कापूस थेट मुंबईच्या बंदराशी जोडला गेला. यंत्रं आली तशा नव्या तऱ्हेच्या जखमाही आल्या. पट्ट्यात सापडलेला हात हा विळ्याच्या जखमेसारखा नसतो, तिथे हळद पुरत नाही.

भूल आणि जंतुनाशकं आल्यावर सर्जनला वेळ मिळाला. पोट उघडता येऊ लागलं. आणि इथेच एक गंमत झाली, गंमत कसली, शोकांतिकाच. ऑपरेशन मोठं झालं तशी त्यानंतरची अंथरुणावरची विश्रांतीही मोठी झाली. पोटाला टाके आहेत, हलू नका, उठू नका, दोन-तीन आठवडे पडून राहा. आणि आतापर्यंत फारसं न दिसलेलं दुसरं भय तिथे, त्या अंथरुणावर तयार होत होतं.

चालता-बोलता गेलेला रोगी

त्या काळातल्या डॉक्टरांनी एक प्रकार वारंवार नोंदवलेला आहे. ऑपरेशन उत्तम झालं. ताप नाही, जखम कोरडी. आठ-दहा दिवसांनी रोगी उठून बसतो, मोरीपर्यंत जातो, छातीला हात लावतो आणि कोसळतो. काही मिनिटांत सगळं संपतं. घरचे म्हणणार, नशीब. डॉक्टरही बराच काळ मनातून तेच म्हणत होते.

याचं उत्तर एका जर्मन माणसाने शवागारात शोधलं. रुडॉल्फ फिर्खो. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत सापडणारी गुठळी तिथे तयार झालेली नसते. ती पायाच्या किंवा ओटीपोटाच्या शिरेत तयार होते, सुटते, हृदयातून पुढे जाते आणि फुप्फुसात अडकते. हे त्याने १८४० च्या दशकात मांडलं आणि १८५६ च्या ग्रंथात सविस्तर लिहिलं. त्याच्या कामातून पुढच्या पिढ्यांनी गुठळी होण्याची तीन कारणं एकत्र मांडली : रक्ताचा प्रवाह मंदावणं, रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा होणं, आणि खुद्द रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं.

आता ही तीन कारणं घेऊन ऑपरेशनच्या खोलीत चला. रोगी भूल देऊन तासन्‌तास निश्चल : प्रवाह मंद. सुरी चालली : भिंतीला इजा. आणि शरीराला वाटतं आपल्यावर हल्ला झालाय, ते रक्त थांबवायची सगळी तयारी सुरू करतं : गोठण्याकडे कल. म्हणजे शस्त्रक्रियेत तिन्ही गोष्टी आपण आपल्याच हाताने घडवतो. रक्तस्राव थांबवणारी शक्तीच पुढे दहा दिवसांनी माणूस मारू शकते. फिर्खोने पाया घातला, पण तो सर्जनच्या रोजच्या कामात उतरायला शंभर वर्षं लागली.

मधल्या काळात धाडसी प्रयत्न झाले. लाइप्झिगचे फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १९०८ मध्ये छाती उघडून फुप्फुसाच्या वाहिनीतली गुठळी ओढून काढायचं ऑपरेशन मांडलं. त्यांचा एकही रोगी टिकला नाही. पहिला जगला तो १९२४ साली, त्यांचे शिष्य मार्टिन किर्शनर यांच्या हातून. त्यापेक्षा साधा उपाय १८९९ सालीच शिकागोच्या एमिल रीस यांनी लिहिला होता : पोटाचं ऑपरेशन झालेल्या रोग्याला लवकर उठवा, चालवा. त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही. लवकर उठवायची पद्धत रुजली ती थेट १९४० च्या दशकात.

परळची घोणस

आता आपण मुंबईला येऊ. १८९६ च्या प्लेगमध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले, हे बहुतेकांना ठाऊक असेल. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. प्लेगची लस हे तिथलं मुख्य काम. पण त्याच इमारतीत इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले जॉर्ज लॅम्ब नावाचे अधिकारी सापाच्या विषावर काम करत होते. नाग आणि घोणस ही त्यांच्या अभ्यासातली दोन मुख्य नावं.

घोणस आपल्याला नवी नाही. अंगावर साखळीसारखे ठिपके, जाड अंग, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. विदर्भात काही ठिकाणी तिला परड म्हणतात. सोयाबीन काढताना, कपाशीत निंदताना, पऱ्हाटीच्या ढिगाऱ्यात हात घालताना तीच भेटते.

लॅम्ब यांच्या प्रयोगांत एक विचित्र गोष्ट दिसली. तशीच गोष्ट थोडी आधी ऑस्ट्रेलियात सी. जे. मार्टिन यांना तिथल्या काळ्या सापाच्या विषात दिसली होती. प्राण्याला विषाची मोठी मात्रा एकदम दिली की शिरांतलं रक्त जागच्या जागी गोठतं आणि प्राणी तत्काळ मरतो. तेच विष थोड्या मात्रेत दिलं की काही वेळाने त्याचं रक्त गोठेनासंच होतं. एकच विष, एकच रक्त, आणि परिणाम अगदी उलटे.

याचा अर्थ लावायला अजून काही दशकं जावी लागली. आपण तो साध्या भाषेत बघू. रक्तात गोठण्याचं सामान ठरावीक असतं, घरात वर्षाचं धान्य भरून ठेवावं तसं. घोणशीचं विष ते सामान शरीरभर उगाचच वापरायला लावतं. बारीक बारीक गुठळ्या होतात, त्या विरघळतात, पुन्हा होतात. काही वेळाने कणगीच रिकामी. मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त येतं आणि थांबत नाही. म्हणजे हा माणूस रक्तस्रावाने आजारी दिसतो, पण त्याच्या आजाराची सुरुवात रक्त गोठण्याने झालेली असते.

मंडळी, ही फक्त सापाची गोष्ट नाही. बाळंतपणात वार आधीच सुटली, पोटातल्या पोटात रक्त गेलं, मोठा जंतुसंसर्ग झाला, अपघातात शरीर चिरडलं, की नेमकं हेच घडू शकतं. आधी नको तिथे गोठतं, मग हवं तिथे गोठत नाही. अशा बाईच्या नातेवाइकांना डॉक्टर सांगतात, 'रक्त गोठत नाहीये', आणि नातेवाईक विचारतात, 'मग गोठायचं इंजेक्शन द्या ना!' एक इंजेक्शन का पुरत नाही, त्याचं उत्तर परळच्या त्या प्रयोगांत आहे. रिकामी कणगी भरावी लागते, म्हणजे रक्तातले घटक द्यावे लागतात, आणि भोक बुजवावं लागतं, म्हणजे मूळ कारण दूर करावं लागतं.

आणि याची तपासणी किती साधी! ग्रामीण रुग्णालयात साप चावलेला माणूस आला की त्याचं दोन मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेतात, वीस मिनिटं हलवत नाहीत, मग नळी तिरपी करतात. रक्त वाहिलं तर विष रक्तात काम करतंय, प्रतिविष हवं. ना वीज लागते, ना यंत्र. प्लास्टिकची नळी मात्र चालत नाही, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या स्पर्शाने होते.

या गोष्टीला पुढे एक वळण आहे. १९३४ साली लंडनमध्ये डॉ. आर. जी. मॅकफार्लेन आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयाचे सर्पतज्ज्ञ बर्जेस बार्नेट यांनी घोणशीचं विष हजारो पट पातळ करून हिमोफिलियाच्या रोग्यांच्या रक्तस्रावावर लावलं. हिमोफिलिया म्हणजे ज्यांचं रक्त जन्मतःच नीट गोठत नाही ते रोगी. दात काढणं हीसुद्धा त्यांच्यासाठी जिवावरची शस्त्रक्रिया. विषाने तिथलं रक्त गोठलं. ते औषध म्हणून विकलंही गेलं. याच मॅकफार्लेन यांनी १९६४ साली गोठण्याची पूर्ण साखळी मांडली : एक घटक दुसऱ्याला जागा करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि प्रत्येक पायरीवर परिणाम वाढत जातो. आज ज्या तपासण्यांवरून भूलतज्ज्ञ 'फिट' की 'अनफिट' ठरवतात, त्या या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या मोजतात. घोणशीचं विष अजून प्रयोगशाळांत तपासणीचं रसायन म्हणून वापरतात. आणि फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनाचा नमुना समोर ठेवून बनवलेलं टिरोफिबॅन हे औषध १९९८ पासून हृदयविकाराच्या रोग्यांना देतात. ते गुठळी होऊ देत नाही. आपल्या बांधावरचे दोन साप, दोघांकडून दोन उलटी औषधं.

कुत्र्याचं यकृत आणि बुरशीचा चारा

आता गुठळी टाळणाऱ्या औषधांकडे येऊ. इथेही शोधायला गेले एक आणि सापडलं भलतंच.

१९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोरला जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी प्राध्यापक हॉवेल यांच्या हाताखाली काम करत होता. त्याला शोधायचं होतं रक्त गोठवणारं द्रव्य. कुत्र्याच्या यकृतातून काढलेल्या एका अर्काने रक्त गोठेनाच. पुढे त्याला हेपारिन नाव मिळालं. ते शुद्ध आणि सुरक्षित व्हायला वीस वर्षं लागली. १९३० च्या दशकात टोरंटो आणि स्टॉकहोमला ऑपरेशननंतरच्या गुठळ्यांसाठी ते वापरलं जाऊ लागलं.

त्याच सुमारास, १९३० मध्ये, बोस्टनला जॉन गिबन नावाचा तरुण डॉक्टर एका बाईच्या उशाशी रात्रभर बसला होता. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि आता फुप्फुसात गुठळी अडकली होती. ती वाचली नाही. गिबनच्या मनात आलं, हिचं रक्त थोडा वेळ शरीराबाहेर फिरवून शुद्ध करता आलं असतं तर? २३ वर्षं त्याने त्या कल्पनेवर काढली आणि ६ मे १९५३ रोजी कृत्रिम हृदय-फुप्फुस यंत्रावर १८ वर्षांच्या मुलीचं हृदयाचं ऑपरेशन यशस्वी केलं. या यंत्राच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपारिन लागतं, आणि ऑपरेशन संपल्यावर त्याचा परिणाम उतरवायला प्रोटामिन, जे मूळचं माशांपासून मिळालेलं. आधी मुद्दाम गोठणं बंद करायचं, मग मुद्दाम सुरू करायचं. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. रोगी काही तासच जगला. पण तेवढं धाडस शक्य झालं ते या दोन द्रव्यांमधल्या तोलावर.

दुसरं औषध गोठ्यातून आलं. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेला गुरं रक्त वाहून मरू लागली. शिंगं छाटली, खच्ची केलं, की साध्या जखमेतून रक्त थांबेना. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्याने कारण शोधलं : ओल्या हवेत बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून मेलेलं वासरू, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि तो चारा गाडीत घालून विद्यापीठात कार्ल लिंक यांच्याकडे पोचला. दुष्काळात भिजलेला, काळा पडलेला कडबा नाइलाजाने जनावरापुढे टाकणाऱ्याला त्या शेतकऱ्याचं मन वेगळं समजावून सांगायला नको. लिंक यांच्या प्रयोगशाळेला ते विष शुद्ध रूपात मिळायला १९३९ उजाडलं. त्याच कुळातलं वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदराचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांना दिलं जाऊ लागलं. आपल्या कृषी केंद्रात उंदरांसाठी ब्रोमाडायोलोन मिळतं ना, ते याच कुळातलं. आणि हृदयाची झडप बदललेल्या माणसाची रोजची गोळीसुद्धा याच कुळातली.

एक शब्द इथे दुरुस्त करू. आपण 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो. ती रक्तात पाणी घालत नाही. गोठण्याचे काही घटक बनवायला यकृताला व्हिटॅमिन के लागतं, आणि ही गोळी त्याचं काम अडवते. म्हणून तर मेथी, पालक, शेपू या पालेभाज्यांचा आणि या गोळीचा संबंध. भाजी बंद करायची नसते. आज ताटभर आणि पुढचे पंधरा दिवस काहीच नाही, असं करायचं नसतं.

दुसऱ्याचं रक्त

रक्त गेलं तर दुसऱ्याचं द्यावं, हा विचार जुना. तो सुरक्षित झाला १९०१ मध्ये, कार्ल लांडश्टायनर यांनी रक्तगट दाखवून दिल्यावर. १९१४-१५ मध्ये सायट्रेट मिसळून रक्त न गोठता ठेवता येतं हे सिद्ध झालं, म्हणून रक्तपेढी शक्य झाली. बघा, इथेही तेच : रक्तस्रावावरचा उपाय टिकतो गोठणं थांबवणाऱ्या द्रव्यामुळे.

यात मुंबईची मोठी नोंद आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक नवा रक्तगट कळवला. जगभर तो बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो. पण अशा माणसाला 'ओ' रक्त दिलं तर ते त्याच्या शरीरात फुटतं आणि जीव धोक्यात येतो. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. म्हणून रक्तपेढी पेशींबरोबर रक्तद्रवही उलटून तपासते, आणि पिशवी देण्याआधी जुळणी करते. 'ओ सगळ्यांना चालतं, लवकर द्या' म्हणून काउंटरवर आवाज चढवण्याआधी हे लक्षात असू द्या. तो वेळ वाया गेलेला नसतो.

रक्त विकण्याचा धंदाही या देशात चालत होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. तेव्हापासून सगळा भार तुमच्या-माझ्यासारख्या दात्यांवर आहे. उन्हाळ्यात शिबिरं कमी होतात, पण सिंदखेडराजा, मेहकरच्या शिवारातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावरचे अपघात आणि बाळंतपणं सुट्टी घेत नाहीत.

किती, केव्हा, कुणाला

गेल्या पन्नास वर्षांची गोष्ट ही औषधांपेक्षा मोजमापाची आहे. एक टोक ओढलं की दुसरं हलतं हे कळलं. मग किती ओढायचं?

१९७५ मध्ये लंडनचे भारतीय वंशाचे सर्जन विजय कक्कर यांच्या नेतृत्वाखाली चार हजारांवर रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना ऑपरेशनच्या आधीपासून हेपारिनची लहान मात्रा दिली. हेपारिन न मिळालेल्यांत फुप्फुसातल्या गुठळीने १६ जण गेले, मिळालेल्यांत २. जखमेत रक्त साकळण्याचं प्रमाण थोडं वाढलं, तेही त्यांनी लपवलं नाही. शंभर वर्षं ज्याला नशीब म्हटलं, ते टाळता येतं हे आकड्यांनी दाखवलं.

आपल्याकडे मात्र 'आपल्या लोकांत गुठळ्या होत नाहीत, तो गोऱ्यांचा आजार' अशी समजूत डॉक्टरांतही बराच काळ होती. २००८ साली ३२ देशांतल्या रुग्णालयांची पाहणी आली, तिच्यात भारतही होता. धोक्यात असलेल्या भारतीय रोग्यांपैकी पाचांत एकालाही योग्य प्रतिबंध मिळत नव्हता. जो आजार शोधलाच जात नाही, तो 'होत नाही' असं वाटणारच.

दुसऱ्या टोकाला ट्रानेक्झामिक अ‍ॅसिड. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये ते शोधलं. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवावा ही उताकोंची तळमळ होती. झालेली गुठळी ते विरघळू देत नाही. भीती अर्थातच होती : मग नको तिथे गुठळ्या वाढणार नाहीत? २०१७ मध्ये वीस हजारांवर बाळंतिणींच्या चाचणीचा निकाल आला. रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाले, विशेषतः तीन तासांच्या आत दिलं तेव्हा, आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. तीन तास. गाव ते तालुका, तालुका ते जिल्हा या रस्त्यावर हे तीन तास कुठे जातात, हा आता आपल्या जिल्ह्याचा प्रश्न आहे.

आणि कधी कधी मोजल्यावर कळतं की आपण उगाचच ओढत होतो. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या, वॉरफेरिनवरच्या रोग्यांचं ऑपरेशन असलं की गोळी थांबवून मधल्या दिवसांत हेपारिनची इंजेक्शनं द्यायची पद्धत होती. तर्क चोख वाटायचा. २०१५ च्या चाचणीत दिसलं, इंजेक्शनं न देता गुठळ्या वाढल्या नाहीत, आणि इंजेक्शनं दिलेल्यांत मोठे रक्तस्राव दुपटीहून जास्त झाले. पण धातूची झडप बसवलेले रोगी त्या चाचणीत नव्हते, त्यांचा हिशेब वेगळा. म्हणून 'शेजाऱ्याला डॉक्टरांनी असं सांगितलं होतं' हे वाक्य या विषयात सगळ्यात धोक्याचं.

झडपेवरून आठवलं. लहानपणी घसा दुखून सांधे सुजतात, त्या संधिवाताच्या तापाने खेड्यातल्या गरीब मुलांच्या झडपा खराब होतात. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बनलेली भारतीय झडप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा बसवली, आणि गरिबाला परवडेल असं ऑपरेशन शक्य झालं. पण झडप एकदा बसते, गोळी जन्मभर. रक्ताची तपासणी वरचेवर. अशी मुलगी लग्नानंतर गरोदर राहिली तर पेच उभा राहतो : गोळी गर्भाला बाधू शकते, आणि गोळी थांबवली तर झडपेवर गुठळी होऊ शकते. यातून वाट आहे, पण ती आधी ठरवावी लागते. सासरी सांगायला नको म्हणून गोळी लपवून ठेवली, तर त्या लपवण्यात दोन जीव जाऊ शकतात.

इतिहासाने मला शिकवलं ते इतकंच की रक्त थांबवणं ही विद्या अर्धी होती. रक्त वाहतं ठेवणं ही तिची उरलेली अर्धी. आणि दोन्हींच्या मध्ये नेमकं कुठे उभं राहायचं, हे प्रत्येक रोग्यापाशी पुन्हा नव्याने ठरतं. ते ठरवायला डॉक्टरांकडे आपल्या चार खऱ्या उत्तरांइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी वडिलांची अ‍ॅस्पिरिन आम्हीच आठवडाभर बंद केली. बरोबर केलं का?

आपल्या मनाने बंद करू नये. मोतीबिंदूत रक्त फार कमी जातं, आणि पुष्कळदा गोळी थांबवावी लागत नाही. ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे त्यांची गोळी अचानक थांबली तर स्टेंट बंद पडू शकतो. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ज्यांनी ती गोळी सुरू केली त्यांनाही विचारा.

प्रश्न : सिझर झालेल्या सुनेला डॉक्टर दुसऱ्याच दिवशी चालायला लावतात. आमच्या वेळी तर सव्वा महिना खाटेवरून उतरू देत नव्हते.

मावशी, सव्वा महिन्याच्या रिवाजात बाईला कामातून सुटका होती, चांगलं खाऊ-पिऊ घालणं होतं. ते जरूर ठेवा. कामाला जुंपू नका. पण विश्रांती म्हणजे निश्चल पडून राहणं नव्हे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे बाईचं रक्त मुळातच गोठण्याकडे झुकलेलं असतं, बाळंतपणात रक्त फार जाऊ नये म्हणून निसर्गानेच केलेली ती सोय आहे. त्यात ऑपरेशन आणि त्यात पडून राहणं, म्हणजे फिर्खोची तिन्ही कारणं एका खाटेवर. तेव्हा तिला हात द्या आणि दारापर्यंत चालवत न्या. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, किंवा एकदम दम लागला, तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.